गॉस्पेल: अर्धं गाणं गायकाचं, अर्धं मंडळीचं

जॉन न्यूटनचं 'अमेझिंग ग्रेस' हे स्तोत्र छापील पानावरून वाचायला फार तर दीड मिनिट लागतं. जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन या काळ्या अमेरिकन गायिकेने ते गायलं, तेव्हा जवळजवळ अकरा मिनिटं लागली. त्यातही तिने सगळी कडवी घेतली नाहीत. एकेका शब्दावर ती रेंगाळते, तो वर चढवते, मध्येच सोडून देते, परत त्याच्यापाशी येते. मागे गायकवृंद हलक्या आवाजात तिला धरून असतो. समोरची माणसं गप्प बसून ऐकत नाहीत. ती तिला हाका देतात, 'गा, गा' म्हणतात, जागेवरून उठतात. पियानोवर जेम्स क्लीव्हलंड आहे. गॉस्पेल म्हणजे काळ्या अमेरिकनांचं चर्चमधलं भक्तिसंगीत. त्यातल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी हा एक, अख्खं आयुष्य याच गाण्यांत गेलेलं. तोही रडायला लागतो.

ज्याला इंग्रजी नीट कळत नाही, ज्याचा येशूवर विश्वास नाही, अशा माणसाच्याही अंगावर हे ऐकताना काटा येतो. का येतो? 'आवाजच दैवी आहे' हे उत्तर मला पुरत नाही, कारण दैवी आवाज इतर संगीतातही आहेत. मला वाटतं, पारंपरिक गॉस्पेलची ताकद त्याच्या बांधणीत आहे. हे गाणं मुद्दाम अर्धं ठेवलेलं असतं आणि उरलेलं अर्धं समोरच्या माणसांनी भरायचं असतं. एकट्याचं दुःख चारचौघांत बोलून दाखवायचं आणि चारचौघांनी ते मिळून उचलायचं, ही रीत काळ्या अमेरिकनांनी पिढ्यान्पिढ्या घडवत आणली.

मळ्यातून शहराकडे

गॉस्पेल ही फार जुनी गोष्ट नाही. आज आपण ज्याला पारंपरिक गॉस्पेल म्हणतो ते 1930 च्या आसपास, मुख्यतः शिकागोत, आकाराला आलं. मुळं मात्र गुलामगिरीच्या काळातली आहेत.

दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. मग स्तोत्रं गायची कशी? एक जण ओळ म्हणून दाखवायचा आणि बाकीचे ती ओळ अतिशय संथपणे, प्रत्येक जण आपापल्या वळणाने, ओढून गायचे. पद्धत मूळची ब्रिटनमधली, पुस्तकं कमी असलेल्या चर्चमधली. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या काळ्यांनी ती उचलली आणि इतकी आपलीशी केली की आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराच्या नावावरून अशा गाण्याला ते 'डॉक्टर वॉट्स' म्हणू लागले, मग ते स्तोत्र वॉट्सचं असो वा नसो. याशिवाय होती ती गुलामांनी स्वतः रचलेली 'स्पिरिच्युअल्स'. कुणी कधी रचली याची नोंद नाही. इजिप्तमधून सुटलेले इस्राएली, सिंहांच्या गुहेतला दानिएल या बायबलमधल्या गोष्टी ते गात, आणि गाताना कोणाला कोणाच्या बंधनातून सुटायचं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे.

1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे काही विद्यार्थी, त्यांतले बरेचसे गुलामीत जन्मलेले, संस्थेसाठी पैसे उभे करायला ही गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले. 1873 मध्ये ते इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायले. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण त्या एकाच वर्षाच्या आहेत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे विसाव्या शतकात लाखो काळी माणसं दक्षिणेतली शेती आणि तिथली दहशत सोडून शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाकडे निघाली. शहरातल्या जुन्या, प्रतिष्ठित काळ्या चर्चमध्ये तेव्हा युरोपीय पद्धतीचं शिस्तशीर गाणं चाले. टाळ्या, डोलणं, ओरडणं म्हणजे गावंढळपणा. दुसरीकडे, 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या काळ्या धर्मोपदेशकाच्या प्रार्थनासभांतून पेंटेकॉस्टल चळवळीने, म्हणजे उपासनेत पवित्र आत्मा प्रत्यक्ष अंगात उतरतो असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाने, जोर धरला होता. तिच्या चर्चमध्ये डफ आणि ढोल सर्रास वाजत. पुढे गॉस्पेलची प्रसिद्ध गायिका झालेली महालिया जॅक्सन न्यू ऑर्लिन्समध्ये वाढली. ती बॅप्टिस्ट चर्चमध्ये जायची, पण तिचा कान असायचा घराशेजारच्या तसल्याच एका चर्चकडे.

डॉर्सीचं दुःख

थॉमस डॉर्सी 1899 मध्ये जॉर्जियात जन्मला. वडील फिरते धर्मोपदेशक, आई ऑर्गन वाजवणारी. मुलगा मात्र 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवू लागला, मा रेनी या प्रसिद्ध गायिकेचा साथीदार झाला. ब्लूज म्हणजे दारूच्या अड्ड्यांवरचं आणि जलशांतलं गाणं. त्यात बाईने सोडून जाणं, खिसा रिकामा असणं, हे सगळं उघड बोललं जाई. डॉर्सीने त्याच गाण्याचे दबलेले सूर आणि तोच झुलता ठेका देवाच्या गाण्यात आणला. बऱ्याच चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यांच्या दृष्टीने हा सैतानाचा बाजा होता. डॉर्सीला यात विसंगती दिसत नव्हती. माणूस शनिवारी रात्री ज्या दुःखाने विव्हळतो तेच घेऊन रविवारी सकाळी चर्चमध्ये येतो, हे त्याने पाहिलं होतं.

ऑगस्ट 1932 मध्ये तो एका धार्मिक सभेत गाण्यासाठी सेंट लुइसला गेला. घरी बायको नेटीचे दिवस भरत आले होते. सभा चालू असताना तार आली: नेटी बाळंतपणात गेली. तो शिकागोला पोहोचला तेव्हा मुलगा जिवंत होता, पण लवकरच तोही गेला. मायलेकांना एकाच पेटीत पुरलं. डॉर्सीने देवाची गाणी लिहायची नाहीत असं ठरवलं. काही दिवसांनी एका संस्थेच्या संगीतखोलीत पियानोसमोर बसल्यावर त्याची बोटं एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर फिरू लागली आणि तिच्यावर शब्द आले: प्रभू, माझा हात धर. 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' ते हेच.

या गाण्यात देवाने असं का केलं याचं उत्तर नाही. 'जे झालं ते बऱ्यासाठीच' असं ते सांगत नाही. मी थकलोय, माझ्यात त्राण नाही, मला घरी ने, एवढंच म्हणतं. गॉस्पेल म्हणजे आनंदाची गाणी असं अनेकांना वाटतं, कारण सिनेमात झगे घालून टाळ्या वाजवणारे गायकवृंद दिसतात. पण त्यातल्या आनंदाला वजन येतं ते आधी दुःखाचं नाव घेतल्यामुळे. जे दुःखाला हातच लावत नाही असं भक्तिगीत दुःखी माणसाला एकटं पाडतं, असं माझं ठाम मत आहे.

हे चालतं कसं

आता बांधणीकडे येऊ. मला सगळ्यात मोह याचाच आहे.

पाया म्हणजे हाक आणि प्रतिसाद. कीर्तनात बुवांनी चरण टाकलं की मागचे टाळकरी ते उचलून धरतात आणि तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो. इथेही काहीसं तसंच होतं. फरक असा की इथे उत्तर देणारे फक्त मागे उभे असलेले नसतात. बाकावर बसलेली म्हातारीही 'खरंय', 'हो प्रभू' असं मोठ्याने म्हणते, आणि गायिका ते ऐकून पुढची ओळ बदलते. एखाद्या शब्दावर लोक हलले असं दिसलं की ती तिथून हलतच नाही, तोच शब्द पाच वेळा, पाच तऱ्हांनी घेते. अरीथाची अकरा मिनिटं अशी भरतात.

टाळीसुद्धा उत्तरच असते. चार मात्रांच्या ठेक्यात गॉस्पेलची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. गायक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतो, मंडळी दुसरीवर त्याला जबाब देते. संथ गाण्यात प्रत्येक मात्रेचे आतल्या आत तीन भाग पडतात, म्हणून लय कितीही विलंबित असली तरी गाणं जागच्या जागी झुलत राहतं. पारंपरिक गॉस्पेल ऐकताना अंग आपोआप डोलू लागतं ते यामुळे.

मग ऑर्गन. हॅमंड कंपनीचा विजेवरचा ऑर्गन 1935 मध्ये बाजारात आला. भिंतभर नळ्यांचा मोठा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, त्या चर्चना तो घेता आला. त्याला जोडलेल्या लेस्ली स्पीकरमध्ये एक कर्णा गोल फिरतो, त्यामुळे सूर हेलकावतो, आणि फिरण्याचा वेग वाढवला की त्याच सुराला कंप सुटतो. पाळक प्रवचन करत असतात तेव्हा ऑर्गनवाला त्यांच्या वाक्यांमधल्या जागा भरतो. आधी नुसता एक लांब सूर. पाळकांचा आवाज चढू लागला की वाक्यामागे एक झटका. शेवटी पाळक जवळजवळ गातच असतात आणि ऑर्गन त्यांच्याशी बोलत असतो. प्रवचन कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे दाखवता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा तो 'व्हँप'. गाण्याची कडवी संपतात, गोष्ट सांगून होते. सामान्य गाणं इथे थांबलं असतं. गॉस्पेलमध्ये खरी सुरुवात इथे होते. एक छोटी ओळ, कधी दोनच शब्द, गायकवृंद पुन्हा पुन्हा घेतो. आधी खालचा आवाज, त्यावर मधला, त्यावर वरचा. पट्टी अर्ध्या सुराने चढते, परत चढते. या भक्कम पुनरावृत्तीवर मुख्य गायक मोकळा सुटतो: हुंकार, किंकाळी, घोगरा आवाज, एकाच अक्षरावर दहा सूर. इथे आवाज फाटला तर तो दोष मानत नाहीत, उलट त्याची वाट पाहतात. मागची ओळ पक्की असल्यामुळेच पुढच्याला तोल सोडता येतो. महालिया जॅक्सनची 1947 ची 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' ही तबकडी लाखोंनी खपली. तिच्यात हे गाणं दोन्ही बाजूंवर विभागून टाकावं लागलं, कारण त्या तबकड्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत आणि असल्या गाण्याला तेवढ्यात रंगच चढत नाही.

आत्मा उतरतो म्हणजे काय

गाणाऱ्यांना तुम्ही विचारलंत तर ते यातल्या कशालाच तंत्र म्हणणार नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही पवित्र आत्म्याला वाट करून देण्याची तयारी असते. सूर उत्तम लागूनही आत्मा आला नाही तर त्या रविवारी नुसतं गाणं झालं, उपासना झाली नाही. आला तर कुणी रडतं, कुणी बाकांमधल्या वाटेत नाचू लागतं, कुणी कोसळतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा बेभानपणा वाटतो. पण नीट पाहिलं तर त्याभोवती केवढी व्यवस्था असते. पांढऱ्या गणवेशातल्या स्वयंसेविका भिंतीशी उभ्या असतात. कुणाचा तोल जातोय असं दिसताच दोघी पुढे होतात, तिचा चष्मा काढून घेतात, तिला धरतात पण अडवत नाहीत, हातपंख्याने वारा घालतात. (त्या पुठ्ठ्याच्या पंख्यांवर बहुधा त्या भागात अंत्यविधीचं काम करणाऱ्या दुकानाची जाहिरात छापलेली असते.) थोड्या वेळाने ती बाई शुद्धीवर येते, साडेतीन वाजता घरी जाते, सोमवारी कामावर. तिच्याबद्दल कुणी कुजबुजत नाही.

हे कुणासाठी होतं तेही लक्षात घ्यायला हवं. मोलकरणी, धोबिणी, शिकागोच्या कत्तलखान्यांतले मजूर. महालियाने स्वतः धुणी धुतली, हॉटेलात खोल्या साफ केल्या. आठवडाभर ज्या पन्नाशीच्या माणसाला गोरा मालक 'बॉय' म्हणून हाक मारी, तो रविवारी चर्चमध्ये 'डीकन साहेब', म्हणजे चर्चचा मानाचा पदाधिकारी, असे. आठवडाभर तोंड मिटून, चेहरा कोरा ठेवून जगलेल्या माणसाला ओरडता येईल, रडता येईल आणि ते करताना सन्मानही टिकेल, अशी ही बहुतेक एकमेव जागा होती.

शास्त्रज्ञांनीही यातल्या काही बाजू तपासल्या आहेत. स्वीडनमधल्या योटेबोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांचा श्वास एका तालात येतो आणि त्याबरोबर त्यांच्या हृदयाचे ठोकेही एकत्र कमी-जास्त होतात. त्याआधी 2011 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तो क्षण येणार अशी चाहूल लागल्यापासूनच ते स्रवू लागतं. व्हँप ही चाहूल लांबवण्याचीच तर युक्ती आहे. शरीरात काय होतं ते यातून कळतं. त्या बाईला नेमकं काय मिळालं, ते ती सांगेल तेच खरं.

'मी' म्हणजे सगळे

बर्निस जॉन्सन रेगन या गायिका आणि इतिहासकार जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या नागरी हक्क आंदोलनात 1961 पासून होत्या. त्यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. काळ्यांच्या जुन्या गाण्यांत 'आम्ही' क्वचित येतं, 'मी' येतं. प्रत्येक जण 'मी' म्हणतो आणि त्यातूनच समूह उभा राहतो, कारण 'मी' म्हणताना कुणालाही दुसऱ्याच्या मागे लपता येत नाही. आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतो, ते गिरिजाकुमार माथुरांनी 'वी शॅल ओव्हरकम'वरून केलेलं हिंदी गीत. मूळ गाण्याच्या पूर्वजांत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स टिंडली यांचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक स्तोत्र धरलं जातं. त्यातही 'मी'च होता. 1945-46 मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपावर बसलेल्या काळ्या बायका ते गाणं गात होत्या, आणि तिथून पुढे ते 'आम्ही' झालं.

28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक जमले होते. मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उठण्याच्या थोडं आधी महालिया गायली. मग किंग लिहून आणलेलं भाषण वाचू लागले. जवळ असलेल्यांनी सांगितलंय की मागून महालियाने हाक दिली: 'मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग!' किंगनी कागद बाजूला सारला आणि 'माझं एक स्वप्न आहे' हे वाक्य ते पुन्हा पुन्हा घेऊ लागले. जगभर गाजलेल्या या भाषणाचा शेवट ऐका. एक छोटी ओळ, तिची पुनरावृत्ती, दर वेळी थोडा चढा आवाज, समोरून येणारा प्रतिसाद. तो व्हँप आहे, आणि बाकावरून हाक देणारी बाई इथे महालिया आहे.

4 एप्रिल 1968 च्या संध्याकाळी मेंफिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जातून किंगनी खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या सॅक्सोफोनवादकाला सांगितलं की आज रात्रीच्या सभेत 'प्रेशस लॉर्ड' वाजव, छान वाजव. त्यानंतर काही क्षणांत त्यांना गोळी लागली. पाच दिवसांनी महालियाने त्यांच्या अंत्यविधीत तेच गाणं गायलं. 1971 मध्ये ती भारतात आली होती. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि आपल्या मुंबईतही तिचे कार्यक्रम झाले, दिल्लीत इंदिरा गांधींनी तिला ऐकलं. पुढच्याच जानेवारीत ती गेली, आणि शिकागोत तिच्यासाठी डॉर्सीचं तेच गाणं गायला अरीथा उभी राहिली. चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःच्या बायकोसाठी आणि लेकरासाठी केलेलं गाणं तोवर इतक्या जणांचं झालं होतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मी एकच सुचवेन. 22 जुलै 1955 ला लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहात सोल स्टिरर्स या गॉस्पेल गायकांच्या गटाचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. मुख्य गायक सॅम कुक, वय 24. त्यातलं 'निअरर टू दी' पूर्ण ऐका, आठ मिनिटांपेक्षा मोठं आहे, काम करता करता मागे लावून ठेवू नका. पहिल्यांदा सॅमकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा त्याला सोडा आणि फक्त लोकांचे आवाज ऐका: कुठे एकच बाई ओरडते, कुठे सगळं सभागृह उसळतं, आणि त्यानंतर सॅम काय बदलतो. मग त्याचंच 1957 चं 'यू सेंड मी' लावा, पॉपमध्ये त्याचं नाव झालं ते गाणं. आवाज तोच, हरकती त्याच, गोडवाही तितकाच. फक्त उत्तर द्यायला समोर कुणी नाही, आणि पावणेतीन मिनिटांत गाणं संपतं.